फेकायच्या पिठाची धिरडी

आम्ही दोघी जावा. एका घरात, एकाच गॅसवर बावीस वर्षे स्वयंपाक करतो आहोत. या पानावर येणाऱ्या पाककृती आम्ही कापून डब्यात ठेवतो. या खेपेला आमच्याकडची एक पाठवीत आहोत. धिरडी तशी सगळ्यांच्याच घरी होतात, त्यात सांगण्यासारखे काय, असे कुणी म्हणेल. पण या धिरड्यांवरून आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नव्हते. ते सांगितल्याशिवाय नुसती कृती देणे आम्हाला बरे वाटेना.

आमच्यातल्या थोरलीचा मुलगा आय.टी.आय.मधून बेकरीचे काम शिकला आणि मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात लागला. विक्रोळीहून पहाटेची लोकल पकडतो, दुपारनंतर घरी येतो. कपड्यांना पिठाचा वास. एके दिवशी म्हणाला, "काकी, आज आम्ही तीन किलो स्टार्टर फेकलं." आम्हाला वाटले, जेवणाआधी साहेब लोकांना जे तळलेले काही देतात ते फेकले असेल. आम्ही हळहळलो. तेव्हा त्याने समजावून सांगितले.

हल्ली मोठ्या हॉटेलांत सावरडो नावाचा पाव मिळतो. बाहेरून जाड, करपल्यासारखा, आतून आंबूस. त्यात विकतचे यीस्ट नसते. गव्हाचे पीठ आणि पाणी कालवून ठेवायचे, रोज त्यात नवे पीठ-पाणी घालायचे. पिठातच हवेसारखे न दिसणारे जीव असतात, काही फुगवणारे, काही आंबट करणारे. आठ-दहा दिवसांत ते चांगले माजतात आणि पीठ आपोआप वर येऊ लागते. त्या आंबलेल्या पिठाला स्टार्टर म्हणायचे. आपण दह्याला विरजण ठेवतो, तसे ते पावाचे विरजण. आम्ही घरात त्याला आंबवण म्हणतो, इथेही तेच म्हणू.

आता हे फेकायचे कशाला? त्याचा हिशेब त्याने आम्हाला पेनाने लिहून दाखवला. 100 ग्रॅम आंबवण असेल तर त्याला 100 ग्रॅम पीठ आणि 100 ग्रॅम पाणी लागते. झाले 300. दुसऱ्या दिवशी त्या 300 ला तेवढेच पीठ, तेवढेच पाणी, झाले 900. तिसऱ्या दिवशी 2700, चौथ्या दिवशी आठ किलोच्या वर. आठवड्यात घर भरेल. बरे, पीठ न घालावे तर आतले जीव उपाशी राहतात, आंबटपणा इतका वाढतो की पाव नीट फुगत नाही. म्हणून रोज 100 ग्रॅम ठेवायचे आणि बाकीचे काढून टाकायचे. काढलेले पीठ खराब नसते. त्याला फक्त जोर कमी असतो. काही ठिकाणी त्याची बिस्किटे वगैरे करतात, पण गर्दीच्या दिवशी कोण करत बसतो, जाते कचऱ्याच्या डब्यात.

तीन किलो पीठ कचऱ्यात! आमच्याकडे रेशनचा गहू निवडताना खाली पडलेले दाणेही आम्ही वेचतो. आम्हीच त्याला म्हणालो, "अरे, मग थोडं आणत का नाहीस? धिरडी तरी करू."

पोराने वरच्या वस्तादाला विचारले. तो म्हणाला, ले जा. गेटवर झडती झाली. रोजच होते, सगळ्यांचीच होते. पण त्या दिवशी पहारेकऱ्याने बाटलीचे झाकण उघडून वास घेतला आणि आत फोन करून खात्री केली, तोवर हा बाजूला उभा. मग गाडीत दुसरीच तऱ्हा. झाकण घट्ट लावलेले, वर उन्हाचे दिवस. आंबवण वायू सोडते हे जो रोज हाताळतो त्यानेच विसरावे! कुर्ल्याच्या आसपास बाटलीचे झाकण फट्‌दिशी उडाले आणि शेजारच्या माणसाच्या पँटवर पांढरे शिंतोडे. वास आंबूस, थोडा दारूसारखा. डब्यातले लोक नको त्या नजरेने बघू लागले. हे सगळे त्याने आम्हाला हसत हसत सांगितले, गेटवरचेही. गेटवरच्या गोष्टीला आम्ही हसायला नको होते, हे नंतर लक्षात आले.

त्या रात्री आम्ही धिरडी केली. बाटलीत उरले होते त्यात ज्वारीचे पीठ, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घातली, लोखंडी तव्यावर टाकली. जाळी अशी पडली की विचारू नका. रवा भिजवून, ताक घालून कधी इतकी जाळी आम्हाला साधली नव्हती. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, दोन खाल्ली, तिसरे मागितले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वय, दात थोडे, एरवी एक भाकरी दुधात कुस्करून पुरते त्यांना. आम्हाला आनंद झाला. त्या म्हणाल्या, "आज पीठ कवा भिजवलंतं?" तेव्हा धाकटीच्या तोंडून निघून गेले की हे हॉटेलातले आहे, तिथे फेकून देतात.

आत्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"फेकून देत्यात ते आणलं?"

"आजी, फेकलेलं नाही, फेकणार होते," नातू म्हणाला. "डब्यात पडायच्या आधी घेतलं. चांगलं पीठ आहे. कुणी तोंड लावलेलं नाही."

"मागितलंस का?"

"हो. विचारून आणलं. चोरून कसं आणणार?"

"मागितलंस ना? तेच इचारते मी. तू मागितलंस."

ताट तसेच ठेवून त्या उठल्या आणि जाऊन आतल्या खोलीत झोपल्या.

नव्या पिढीच्या वाचकांना कदाचित यात एवढे काय, असे वाटेल. आम्हालाही त्या रात्री थोडे तसेच वाटले, खोटे कशाला बोला. आत्याबाई नगर जिल्ह्यातल्या खेड्यात वाढल्या. त्या लहान असताना त्यांची आई येसकरकीच्या पाळीला पाटी घेऊन गावात भाकरी मागायला जाई. दिवसभर गावाचे काम करायचे आणि संध्याकाळी दारोदार उभे राहायचे. भाकरी वरून पाटीत टाकत, हात लागू नये म्हणून. कुणाची ताजी, कुणाची सकाळची, कुणाची दोन दिवसांची. दहा घरचे कालवण एकाच गाडग्यात. आत्याबाई म्हणतात, सगळेच उष्टे नसायचे. बऱ्याच भाकऱ्यांना कुणी तोंड लावलेले नसायचे. त्यांना नको असायच्या, एवढेच.

बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडला जमलेल्या आपल्या लोकांना जे सांगितले त्यात हेही होते, की मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि लोकांनी टाकलेले तुकडे खाणे सोडा. आपण महाड म्हटले की चवदार तळ्याचे पाणी आठवतो, ते बरोबरच आहे. पण त्या परिषदेत भाकरीचाही प्रश्न होता. पाणी हक्काने घ्यायचे आणि तुकडा हक्काचा म्हणूनही घ्यायचा नाही. आत्याबाईंच्या गावापर्यंत ही गोष्ट पोचून घराघरांत मुरायला वेळ लागला. नागपूरला 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा झाली, पुढे त्यांच्या गावातही झाली. तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या. त्यांच्या आईने पाटी चुलीत घातली. वतने खालसा करणारा कायदा 1958 साली आला, पण आत्याबाईंच्या घरातले वतन त्याआधीच जळाले होते. त्या पाटीच्या बांबूवर शिजलेला भात आपण खाल्ला, असे त्या सांगतात. त्या वर्षी पुष्कळ दिवस अर्धपोटी गेले. मागून आणलेले बंद झाले आणि कामाचे पैसे कुणी लगेच देऊ लागले नाही, तेव्हाची ही गोष्ट.

हे आम्ही लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहोत, तरी ते पीठ आणायला सांगितले आम्हीच. आणि न सांगता त्यांच्या ताटात वाढले. पोराची चूक कमी, आमची जास्त. पण एक बाजू त्याचीही होती. तो म्हणाला, "आजीला वाटतं मी हात पसरला. मी तिथे काम करतो. ते पीठ मी भिजवलं, मी रोज पहाटे त्याला चारा घालतो, ते माझ्याच हातचं आहे. टाकायला सांगतात ते दुसरे." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. अजूनही त्याचेच चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज.

तिसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळी उठून त्याने घरच्या डब्यातले पीठ घेतले. आमचेच, चक्कीवरून दळून आणलेले, कोंड्यासकट. अर्धी वाटी पीठ, तेवढेच पाणी, काचेची बरणी, वर सैल झाकण. आजीसमोरच्या फळीवर ठेवले. काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले, आम्ही म्हटले झाले! तो म्हणाला, हे खरे नाहीत, आधी दुसरेच जीव धावतात. तसेच झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळे थंड, वर पाणी, वास ओल्या मोज्यासारखा. टाकून द्यावे असे आम्हाला वाटले. पण तो रोज थोडे ठेवून बाकीचे काढी आणि नवे पीठ-पाणी घाली. आंबटपणा वाढला की नको ते जीव मरतात आणि हवे ते तगतात, असे त्याचे म्हणणे. आठव्या दिवशी सकाळी बरणी पाहिली तर पीठ दुपटीने वर. कोंड्याच्या पिठात असे जीव मैद्यापेक्षा जास्त असतात, म्हणून घरच्या पिठाचे लवकर धरते, असेही त्याने सांगितले.

आत्याबाई रोज बघत होत्या. पाचव्या दिवशीच त्या पहिल्यांदा बोलल्या, त्याही आमच्याशी. "ह्यात जवारीचं पीठ घाला मूठभर. आंबील कशी धरायची?" मग बोलत बसल्या. त्यांच्या आईचे आंबिलीचे मडके होते. रात्री ज्वारीचे पीठ कालवून ठेवायचे, सकाळी ते उकळत्या पाण्यात सोडून आंबील करायची. ताक कुठले? म्हणून मडके कधी पूर्ण रिकामे करायचे नाही. बुडाला ओंजळभर ठेवायचे, त्यावर दुसऱ्या दिवशीचे पीठ. मडके धुतले म्हणून एकदा आपण मार खाल्ला, असे म्हणून त्या हसल्या. दोन दिवसांनंतरचे पहिले हसू ते. म्हणजे नातू आय.टी.आय.मध्ये जे शिकला ते पणजीच्या मडक्यात होतेच की.

पोरालाही मग जोर आला. त्याने सांगितले, हा पाव आज अडीच-तीनशे रुपयांना विकतात, पण तो मुळात कष्टकऱ्यांचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1849 च्या सुमारास आणि पुढे 1896 नंतर थेट उत्तरेला क्लोंडाइकच्या बर्फात सोने शोधायला माणसे गेली. तिथे ताजे यीस्ट कुठे मिळणार? आंबवणाचे भांडे सोबत घ्यायचे, थंडीने मरू नये म्हणून रात्री अंगाशी धरून झोपायचे आणि सकाळी त्याचीच जाड धिरडी भाजून खाऊन खणायला जायचे. ती धिरडी म्हणजे पॅनकेक. उत्तरेकडच्या त्या जुन्या लोकांना पुढे सावरडो हेच नाव पडले. इथिओपियात इंजेरा नावाची मोठी मऊ धिरडी करतात, तेही आधीच्या आंबवणाचे पाणी राखून. आत्याबाईंनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "सोनं घावलं का मग?" फार थोड्यांना, असे उत्तर मिळाले.

एक शंका त्यांनी काढली, ती इतरांनाही येईल. वासात दारू आहे, मग आपल्याला चालते का? पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवरच आहे. पीठ आंबताना थोडा मद्यांश होतो हे खरे, वर साचणाऱ्या करड्या पाण्यात तोच असतो; ते पाणी ओतून टाकता येते, आणि राहिलेले बरेचसे तव्यावर उडून जाते. इडलीचे पीठही आंबतेच. नशेसाठी पिणे आणि आंबवून खाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तीत कोण काय पिते हे ज्या बायांना रोज दिसते, त्यांना हा फरक पुस्तकातून शिकवावा लागत नाही.

आता कृती. रोज काढलेले आंबवण आम्ही एका डब्यात साठवतो, फ्रीजमध्ये ते आठवडाभर राहते. त्यातले एक वाटी घ्यायचे. त्यात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, दोन चमचे बेसन, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर, जिरे, हळद, मीठ आणि लागेल तसे अर्ध्या वाटीपर्यंत पाणी. पीठ पळीतून सहज पडेल इतके पातळ हवे. तवा तापला, तेल लावले, की अगदी शेवटी पाव चमचा खायचा सोडा घालून एकदाच ढवळायचे आणि लगेच टाकायचे. आधी सोडा घालून ठेवू नका. आंबट पिठाशी गाठ पडताच त्याचा वायू सुटतो, तो भांड्यातच गेला तर तव्यावर जाळी कशाची पडणार? झाकण ठेवा, कडा सुटल्या की उलटा. पहिले धिरडे चिकटणारच, ते करणारीने खावे अशी आमच्याकडे रीत आहे.

मुलांसाठी गोड करायचे असेल तर कांदा-मिरची, जिरे आणि हळद नको. कालवताना साध्या पाण्याऐवजी गुळाचे पाणी, वेलची, असल्यास पिकलेले केळे कुस्करून. छोटी आणि जाड टाकायची, आच मंद, नाहीतर गूळ करपतो. नातू दूध आणि अंडे घालून हॉटेलासारखी करतो. छान लागतात, पण आत्याबाईंना ती कापसासारखी वाटतात.

काळजी एवढीच. झाकण घट्ट लावू नका, लोकलमधली गोष्ट वर आलीच आहे. पितळेच्या भांड्यात ठेवू नका, कळकेल. काच, चिनी माती किंवा स्टील चांगले. कच्चे पीठ चाखून बघायची सवय आम्हा बायांना असते, ती इथे नको, कच्च्या पिठातून पोटाचे आजार होतात. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली, बुरशी आली, तर वरवरचे काढून वापरू नका, सगळेच टाका. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे नुसत्या ज्वारीचे आंबवण वर चढत नाही, बुडबुडे मात्र धरते. ते मेले असे समजू नका.

आज आमच्याकडे दोन बरण्या आहेत. गव्हाची नातवाची, ज्वारीची आत्याबाईंची. दोघांच्या बरणीला दुसऱ्याने हात लावायचा नाही. आंबवण काढताना टाकले तर आत्याबाईंना खपत नाही, त्या म्हणतात, "आपलं उरलंय, आपुन खाऊ." हॉटेलातले पीठ मात्र पुन्हा घरात आले नाही. पोराला ते अजून पूर्ण पटलेले नाही, पण तो आणत नाही.

मागच्या पंधरवड्यात त्याने कामावर ज्वारीच्या आंबवणाची गोष्ट सांगितली असावी. घरी येऊन म्हणाला, "आजी, आमच्या वस्तादाला तुझं आंबवण पाहिजे. ज्वारीचा पाव करून बघायचा म्हणतो."

आत्याबाई भाजी निवडत होत्या. "मागितलं त्येनं?"

"हो. दोनदा म्हणाला."

"मग दे की वाटीभर." त्या उठल्या, स्वतः बाटली भरली, झाकण दोन फेरे सैल ठेवले. "गाडीत उभी धर. आन बाटली धुऊन परत दे म्हणावं."